मोठ्या इंजिनाची गाडी

आई गाडीतल्या त्या बर्थवर आडवी झाली, पाय लांब करून बघितले आणि म्हणाली, "पुरतं गं मला. पडदा ओढ, आता इथंच करून बघू या."

दुपारच्या बॅगेची वेळ झाली होती. आईचं पोटातलं डायलिसिस चालू होतं. दिवसातून चार वेळा नळीवाटे पोटातलं जुनं पाणी बाहेर काढायचं आणि नवं औषधी पाणी आत सोडायचं. त्याला हॉस्पिटल लागत नाही, पण स्वच्छ बंद जागा लागते, तोंडाला मास्क लागतो आणि नव्या पाण्याची बॅग उंचावर टांगायला एक हुक लागतो. रेल्वेत, लॉजवर, कुणाच्या घरी हे जमण्यातलं नव्हतं. म्हणून तर फिरत्या घराची कल्पना निघाली होती.

ज्या गाडीत आम्ही होतो ती कोल्हापूरजवळ शिरोलीला भणग्यांच्या शेडमध्ये उभी होती. तेव्हा आपल्याकडे अशा गाड्या तयार मिळत नसत. कंपनीची रिकामी व्हॅन घ्यायची आणि बॉडी बांधणाऱ्याकडून आत झोपायची जागा, ओटा, पाण्याची टाकी असं सगळं करून घ्यायचं. भणगे एरवी ॲम्ब्युलन्स आणि शाळेच्या बस बांधत. ही छोटी व्हॅन त्यांनी गोव्याच्या एका गिऱ्हाइकासाठी बांधली आणि गिऱ्हाईक ऐनवेळी फिरलं. त्यामुळे ती जवळजवळ तयार होती. मागच्या दाराला रबर बसवायचं आणि आईसाठी तो हुक लावायचा, एवढंच काम राहिलं होतं. पंधरा दिवसांत हातात देतो, असं भणगे म्हणत होते.

"बघा की वैनी, झोपून बघा," ते आईला म्हणाले होते. "लांबीला कमी वाटली तर फळी वाढवून देतो."

आईनं मिरजेच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. फळ्यावर तिनं हजार वेळा नद्या काढल्या असतील आणि स्वतः तिरुपतीच्या पलीकडे कुठं गेली नव्हती. आधी सासू, मग आम्ही, मग बाबांचा कारखाना. निवृत्त झाली त्या वर्षी किडन्यांनी मान टाकली. तिला अमरकंटक बघायचं होतं. एकाच डोंगरावर दोन नद्या उगम पावतात, नर्मदा पश्चिमेला जाते आणि शोण शेवटी पूर्वेला गंगेला मिळते, हे तिनं दरवर्षी शिकवलेलं. "दोन्हीकडे एकेक पाय ठेवून उभी राहणार आहे मी," ती म्हणायची. तसं उभं राहता येत नाही, हे तिलाही ठाऊक असणार. माझं नाव तिनंच गौतमी ठेवलं होतं, गोदावरीचं.

तिचं हृदयही आता थकत चाललं होतं. डॉक्टरांनी जानेवारीतच मला, बाबांना आणि माझ्या भावाला, निरंजनला, समोर बसवून सांगितलं होतं. आत्ता तब्येत स्थिर आहे, जायचं तर पावसाळ्याच्या आत जाऊन या, पुढचं मी सांगू शकत नाही. आईला बाहेर बसवलं होतं, पण आई काही कुकुलं बाळ नव्हती. गाडीत बसल्यावर तिनं एवढंच विचारलं, "पावसाळ्याच्या आत की नंतर?" मी "आत" म्हणाले. ती म्हणाली, "मग ह्यांना जरा हलवायला हवं."

'हे' म्हणजे माझे बाबा, विद्याधर हर्डीकर. पंपांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांनी जन्मात कुठलीही वस्तू तुलना केल्याशिवाय घेतली नाही. मिक्सर घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी बाजारातल्या साऱ्या मिक्सरांच्या मोटारी अभ्यासल्या, आणि तोवर अख्खा उन्हाळा आई पाट्यावर चटणी वाटत राहिली. फ्रिजच्या वेळी तर माठ दोनदा बदलावा लागला. लग्नाआधी अकरा मुली पाहिल्याचं ते आल्यागेल्याला कौतुकानं सांगत. आई चहाचे कप ठेवता ठेवता म्हणायची, "दहांना वेटिंग असणार. मी लगेच मिळत होते." लोक हसायचे. बाबाही हसायचे, कारण विनोद त्यांच्या निवडीवर आहे हे त्यांच्या लक्षातच यायचं नाही.

गाडीचं त्यांनी दिवाळीपासून चालवलं होतं. गाडी आईच्या फंडातून घ्यायची होती, पण इंजिन बाबा निवडणार हे कुणी न सांगताच ठरलं होतं. ते पहाटे स्टँडबाहेर जाऊन खाजगी प्रवासी नेणाऱ्या वडापवाल्यांच्या गाड्या थंडीत कशा सुरू होतात ते ऐकून यायचे. ड्रायव्हरांना चहा पाजून ॲव्हरेज विचारायचे. शेवटी दोनच गाड्या उरल्या. एक ही छोटी, दोन लिटरच्या आतलं साधं इंजिन, आणि हजर. दुसरी मोठी, टर्बोवालं इंजिन, ओढ जवळपास दुप्पट, पण तिला कंपनीकडून मिळायलाच वेळ. वर भणग्यांचं काम धरलं तर ऑगस्ट.

"छोटी घाटात रडते," बाबा म्हणायचे.

"घाट कुठून काढलात?" आई विचारायची. "सांगली, सोलापूर, नागपूर, जबलपूर. सगळं पठार आहे. मी शिकवलंय."

"अमरकंटकला शेवटी चढ आहेच की."

"शेवटचा चढ मी चालत जाईन. तुम्ही गाडीला धक्का मारा."

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. त्या दिवशी शिरोलीला जाताना मला वाटत होतं, आज छोटीचं नक्की होईल आणि मार्चमध्ये आपण निघू. मीही शाळेतून रजा काढून ठेवली होती.

तर पडदा ओढला, काचा लावल्या, हात धुतले, दोघींनी मास्क लावले. जुनं पाणी खालच्या बॅगेत निघून गेलं. मग नवं पाणी सोडायची वेळ आली आणि बॅग टांगायला हुक नव्हता. पडद्याच्या दांडीला भार पेलवेना. मग मीच बर्थशेजारी उभी राहिले आणि दोन लिटरची ती बॅग दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरली. पाणी हळूहळू उतरायला लागलं. बॅग खाली आली की पाणी अडतं, कधी उलटंही फिरतं, म्हणून हात हलवायचा नसतो.

बाबा, निरंजन आणि भणगे तेव्हा बोलत बोलत गाडीच्या मागे येऊन उभे राहिले. दाराला रबर नव्हतं. शेजारच्या खोलीत बोलावं तसं सगळं ऐकू येत होतं. त्यांना वाटलं असावं, आई पडल्या पडल्या झोपली आणि मी तिच्या पायाशी बसलेय.

आधी इंजिनाचंच चाललं होतं. छोटीचं बोनेट उघडून बाबांनी काय काय बघितलं ते ते सांगत होते. टर्बो नाही, भरल्या टाकीसकट वजन झेपणार नाही, तिसऱ्या गिअरवर तापेल. भणगे 'होय, होय' करत होते. मग ते म्हणाले, "साहेब, पण ही हजर आहे. वैनींना उंची विचारून आजच हुक मारतो."

"थांबा," बाबा म्हणाले. "छोटी घ्यायची असं अजून ठरलेलं नाही."

निरंजन पुण्याहून एवढ्यासाठी आला होता. तो म्हणाला, "बाबा, डॉक्टर पावसाळ्याच्या आत म्हणालेत. मोठी ऑगस्टला येणार."

"मला माहीत आहे ऑगस्टला येणार."

"मग आईचं?"

शेडमध्ये कुठंतरी पत्रा ठोकत होते. मग बाबा नेहमीच्या आवाजात म्हणाले, "निरंजन, गाडी पंधरा वर्षांसाठी घ्यायची असते. चार महिन्यांसाठी नाही."

मला वाटलं, आता निरंजन काहीतरी बोलेल. त्याच्या डब्यात मी दहावीपर्यंत माझ्या वाटणीची पोळी ठेवत आले होते, तो काही वाईट मुलगा नव्हता. तो म्हणाला, "तेही खरंच आहे." आणि थोड्या वेळानं, "मोठीत मग माझी दोन्ही मुलंही मावतील. आडव्या बर्थऐवजी टेबल करता येईल ना हो, भणगे?"

"करता येईल की," भणगे म्हणाले. मग घसा खाकरून त्यांनी विचारलं, "आणि वैनींचा हुक?"

"मोठीत नको," बाबा म्हणाले. "पत्र्याला भोकं पडली की नंतर दिसत राहतात."

माझे हात वर होते. आईच्या पोटात पाणी उतरत होतं. बाहेर जाऊन बाबांच्या अंगावर ओरडावं, त्या निरंजनच्या मुस्काटात ठेवून द्यावी, असं सगळं एकदम मनात आलं, आणि मी त्या बॅगेला खुंटीसारखी चिकटून उभी होते. मला बाबांचा राग आला नव्हता. किळस आली होती.

आई वर छताकडे बघत होती. मास्कमुळे तिचे डोळे तेवढे दिसत होते आणि त्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. बॅग खाली यायला लागली तेव्हा ती अगदी हळू म्हणाली, "हात खाली घेऊ नकोस."

बाहेर भणगे अजून सोडत नव्हते. ते म्हणाले, "साहेब, असं करा. ही घेऊन जावा. वैनींना फिरवून आणा. परत आला की मी ठेवून घेतो ही, आणि मोठीचं काम धरतो. नुकसान माझं. लिहून देतो पाहिजे तर."

आम्ही दोघी ऐकत होतो. मला वाटलं, देवानंच तोंड घातलं. आता नाही म्हणायला जागाच नाही.

"एकाच कामासाठी दोनदा गाडी निवडायची?" बाबा म्हणाले. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलेलं होतं. "ह्याला काही अर्थ नाही, भणगे. एकदाच घ्यायची, नीट घ्यायची."

पाणी संपलं. आईनं नळी बंद केली, टोपण लावलं, पदर सारखा केला आणि आरशासारख्या त्या काचेत बघून कुंकू ठीक केलं. मग मागचं दार ढकलून उघडलं. तिघंही दचकून बाजूला झाले. आई खाली उतरताना निरंजननं हात पुढे केला, तो तिनं धरला.

"मग? ठरलं का?" तिनं विचारलं.

"बघतोय," बाबा म्हणाले. "छोटीत तसा दम नाही."

"मोठीच घ्या," आई म्हणाली. "वाटेत घाट लागतील."

भणग्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. बाबांचा चेहरा खुलला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच बायकोला इंजिनातलं काहीतरी पटलं होतं.

परतीच्या वाटेवर आईनं उसाच्या गुऱ्हाळापाशी गाडी थांबवायला लावली. तिला दिवसाचं पाणी मोजून प्यायचं असे. तिनं मोठा ग्लास भरून रस घेतला आणि बाबा 'अगं, अगं' करत असताना त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून तो तळापर्यंत प्याली. मग ग्लास त्यांच्याच हातात दिला.

रात्री मी तिच्या खोलीत गेले. मी उद्याच टॅक्सी ठरवते, म्हटलं, आपण दोघी जाऊ, वाटेत चांगली हॉटेलं बघू, मी घासूनपुसून खोली तयार करीन. नाहीतर मी आत्ता जाऊन बाबांना विचारते. तिनं मला खाली बसवलं.

"काय विचारशील? ते खोटं बोलले का?"

"आई, ते तुला मेलेलीच धरून चाललेत."

"मग हिशोब बरोबरच आहे की त्यांचा. बरोबर उत्तराला मार्क द्यावेच लागतात." मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. "आता मला त्याच गाडीतून जायचंय. ऑगस्ट म्हणालेत ना? बघू या. टिकते मी ऑगस्टपर्यंत."

"आणि नाही टिकलीस तर?"

"तर ते जिंकले. पण फुकट नाही जिंकू द्यायची."

मी तिला खूप समजावलं. ती काही ऐकायला तयार नव्हती. टॅक्सीनं गेली असती तर कदाचित अमरकंटक बघितलं असतं तिनं. पण त्या दिवसापासून अमरकंटक मागे पडलं आणि बाबांचा अंदाज खोटा पाडणं एवढंच उरलं. माणूस असा का वागतो, हे मला तेव्हा कळलं नाही. आता थोडं कळतं. ज्याच्याबरोबर पस्तीस वर्षं काढली त्यानं आपल्याला हिशोबातून वजा केलेलं ऐकल्यावर नदीचा उगम बघून काय करायचं?

फेब्रुवारी, मार्च ती अशी पथ्यानं राहिली की डॉक्टरांनी कौतुक केलं. मीठ सोडलं, डाळ मोजून, बॅगेची वेळ इकडची तिकडे नाही. सकाळी व्हरांड्यात येरझाऱ्या घालायची. आणि रोज रात्री पानावर बसलं की गोड आवाजात विचारायची, "काय म्हणते हो आपली गाडी?"

बाबा उत्साहानं सांगायचे. नंबर लागला, चासी यायची आहे, पडदे कोणत्या रंगाचे हवेत. ती म्हणायची, "तुम्हीच ठरवा. तुम्हाला पंधरा वर्षं बघायचेत." बाबा वाटीतली भाजी संपवत मान हलवायचे. त्यांना काही टोचायचं नाही. माझा मात्र घास फिरायचा. मी एकदा तिला म्हटलं, पुरे कर हे. ती म्हणाली, "का? ह्यांना बोचतंय का? नाही ना. मग तुला कशाला बोचतंय?"

एप्रिलमध्ये भणग्यांचा फोन आला. कंपनीकडून गाड्या उशिरा येत होत्या, आता ऑगस्टचं ऑक्टोबर झालं होतं. बाबांनी जेवताना सांगितलं. आई हातातला घास तसाच धरून हसायला लागली. इतकी हसली की तिला ठसका लागला आणि मला तिची पाठ चोळावी लागली.

"ऑक्टोबर," ती म्हणाली. "आता पेपर जरा कठीण काढलाय."

त्यानंतर तिनं येरझाऱ्या सोडल्या. पथ्य मोडलं नाही, पण पूर्वीचा जोर गेला. मे महिन्यात एका सकाळी व्हरांड्यातल्या खुर्चीत बसल्या बसल्या तिचं हृदय थांबलं. बाबांनी डॉक्टरांना फोन केला, मग निरंजनला, आणि दुपारी, माणसं जमलेली असताना, भणग्यांना. काम थांबवू नका, असं सांगायला. भणगे तिकडून काय म्हणाले ते मला माहीत नाही. बाबा फोन ठेवून म्हणाले, "ह्या माणसाला वाटलं मी रद्द करतोय."

ती गाडी पुढे आली. आजही आहे. दर रविवारी बाबा ती सुरू करून इंजिनाचा आवाज ऐकतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी निरंजनच्या मुलांना घेऊन कुठंतरी जाऊन येतात. आवाज खरोखरच चांगला आहे.

दहाव्याला आम्ही सगळे कृष्णेच्या घाटावर गेलो. बाबांचा ह्यातल्या कशावर विश्वास नव्हता. पण लोक काय म्हणतील ह्यावर होता, म्हणून सगळं यथासांग चाललं होतं. मी आणि आईची धाकटी बहीण कुमुदमावशी वरच्या पायऱ्यांवर उभ्या होतो. गुरुजींनी पिंड मांडले, सगळे मागे सरले. आता कावळा येऊन शिवायचा, म्हणजे गेलेल्या माणसाचं काही राहिलेलं नाही.

कावळे होते. पलीकडच्या पिंपळावर ओळीनं बसले होते. एक खाली उतरला, पिंडांपासून हातभर अंतरावर उभा राहिला, आणि उडून परत फांदीवर गेला.

मग जे नेहमी होतं ते सुरू झालं. निरंजन हात जोडून म्हणाला, आई, बाबांकडे मी बघीन. कावळा हलला नाही. कुणी म्हणालं, गौतमीच्या लग्नाचं बोला. काकांनी तेही बोलून टाकलं. ऊन चढत होतं, पायऱ्या तापायला लागल्या होत्या. शेवटी कुमुदमावशी खाली उतरली.

"भावोजी, गाडीचं बोला. वरातीमागून घोडं असलं तरी बोला. तिचा जीव तिथं अडकलाय."

बाबांनी चष्मा पुसला. पिंडांकडे बघून ते म्हणाले, "गाडी ऑक्टोबरमध्ये मिळेल."

मेलेल्या बायकोला ते डिलिव्हरीची तारीख सांगत होते. कुणी हसलं नाही.

"तसं नाही हो," मावशी म्हणाली. "म्हणा, तुला अमरकंटकला नेईन."

"आता कसं नेणार?" बाबांनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं.

गुरुजी मध्ये पडले. कधी कधी वेळ लागतो, म्हणाले, थांबू या. अगदीच नाही आला तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावतात, तशी सोय आहे. पण शक्यतो थांबावं.

"थांबायचं म्हणजे किती?" बाबा म्हणाले.

"ते नाही सांगता येत. तास, दोन तास."

"आणि दर्भाचा?"

"तो काय, लगेच होतो."

"मग तोच करा," बाबा म्हणाले. "लोक उन्हात उभे आहेत."

मी त्या तापलेल्या पायऱ्या कशा उतरले मला आठवत नाही. मी बाबांच्या समोर जाऊन उभी राहिले. आजूबाजूला काका होते, चुलत भाऊ होते, आईच्या शाळेतल्या दोन बाई होत्या. मला कुणाचीच पर्वा नव्हती.

"बाबा, इंजिनासाठी तुम्ही सात महिने थांबायला तयार होतात. आईसाठी तासभर थांबवत नाही?"

"गौतमी, इथं नको," निरंजन म्हणाला.

"इथंच. तिनं ऐकलं होतं, बाबा. शिरोलीला. ती झोपली नव्हती. तुम्ही दाराशी उभे राहून जे जे बोललात ते शब्दन् शब्द तिनं ऐकलं. गाडी तिच्यासाठी घ्यायचीच नव्हती, हे जानेवारीपासून माहीत होतं तिला. त्यानंतरही तुमच्या पानाशेजारी बसून रोज जेवली ती."

निरंजन नदीकडे बघायला लागला. मावशीनं पदर तोंडाला लावला. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस खाली बसेल, रडेल, निदान हात तरी जोडेल. मी त्याचीच वाट बघत होते. ते इतकाच विचार करत होते, की गणितात कुठली किंमत आपल्याला कुणी सांगितलीच नव्हती.

"ऐकलं होतं तर बोलायचं होतं तिनं," ते म्हणाले. "मी छोटी घेतली असती."

ते खोटं बोलत नव्हते. आज इतक्या वर्षांनीही मला सहन होत नाही ते एवढंच. ती बोलली असती तर त्यांनी खरंच छोटी घेतली असती.

मग ते गुरुजींकडे वळून म्हणाले, "करा."

गुरुजींनी दर्भाची काडी वळली, गाठ मारली, चोचीसारखं टोक पुढे काढलं आणि ते पिंडाला टेकवलं. मंत्र म्हटले. झालं, म्हणाले. माणसं सुटल्यासारखी पायऱ्या चढायला लागली. मीही चढले, कारण तिथं थांबून करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आम्ही वर पोचत होतो तेवढ्यात कुमुदमावशीनं माझा दंड घट्ट धरला. खाली पिंडांवर कावळे उतरले होते. एक नाही, चांगले पाच-सहा, आणि मन लावून खात होते.

"भावोजी," मावशी ओरडली, "आले बघा. बघा तरी."

बाबा पुढे चालले होते. जन्मात त्यांनी एक रूढी मानली नव्हती, देवाला नमस्कारसुद्धा आईच्या आग्रहानं करायचे. ते थांबले, पण मान वळवली नाही.

"घाटावरून निघाल्यावर मागे बघायचं नसतं," ते म्हणाले, आणि चपला शोधायला लागले.